देवराजकाकांचा उलटा जोडा

पहाटे लॉरीत चढण्याआधी देवराजकाका चपला काढत. दार उघडायचं, पायरीला उजवा हात लावून तो कपाळाला न्यायचा, चपला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सीटमागे टाकायच्या आणि मग अनवाणी उजवा पाय आत. पाऊस असो, उशीर झालेला असो, कारखान्याचा भोंगा होऊन गेलेला असो, हा क्रम चुकत नसे. पोर्ट लुईच्या बंदरावर उतरताना चपला पायात येत, परत चढताना पुन्हा कागदात जात.

माझे बाबा, बलराम, काकांच्या शेजारी राहत आणि त्याच मालकाची दुसरी लॉरी चालवत. ते चपलांसकट चढत आणि काकांना चिडवत.

"दादा, आत आरती कितीला हाय?"

"हस रे. आमच्या आज्यानं बैलगाडीत कधी जोडा घालून पाय ठेवला नाय. ज्याच्यावर पोट, त्याच्यावर जोडा नाय."

"आज्याकडं जोडा होता कुठं घालायला?"

यावर काका मोकळेपणी हसत. बाबांचं म्हणणं खरं होतं, हे त्यांनाही ठाऊक असावं. कोकणातून जहाजाने आलेल्या माणसांना पायात घालायला काही नव्हतं. त्यांच्या नातवाने त्या नसण्याचा नेम केला होता. प्लेन दे पपायच्या आमच्या वस्तीत असे आणखीही होते. लॉरीच्या काचेखाली गणपतीचं चित्र, आरशाला लाल कापडाची पट्टी, आणि ड्रायव्हर अनवाणी.

आमच्या बेटावर लांबचे रस्ते नाहीत. एका टोकाहून निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला दुसऱ्या टोकाला पोचतो. इथे ड्रायव्हरचा रस्ता लांब होतो तो फेऱ्यांनी. जूनपासून डिसेंबरपर्यंत ऊसतोडणी चाले, तिला आम्ही सगळेच कूप म्हणतो. कूपच्या दिवसांत काका पहाटे चारला निघत. कारखान्यातून साखरेच्या गोण्या भरायच्या, तेर रूज गावावरून बंदर गाठायचं, तिथे लॉऱ्यांच्या रांगेत दोन-दोन तास बसायचं, रिकामं होऊन परत यायचं आणि पुन्हा भरायचं. दिवसाला चार फेऱ्या. घरी येईतो चौदा तास उलटलेले असत, आणि त्यातले बारा बसून गेलेले असत. वाटेत लघवीला थांबलं तर रांगेतला नंबर जाई, म्हणून पाणी पीत नसत. तहान साठवून ठेवत आणि बंदरावर उतरले की बाजारातला थंडगार अलूदा पीत. दूध, सब्जा आणि भरपूर गोड सिरप. एक ग्लास बाबांचा, दोन काकांचे.

१९७८च्या कूपमध्ये काकांचे दोनाचे चार ग्लास झाले. चंद्रावतीकाकी, त्यांची बायको, एकदा कुंपणापाशी माझ्या आईला हळू आवाजात सांगत होती की हे सकाळी झाडामागे जाऊन येतात आणि थोड्या वेळाने तिथे मुंग्यांची रांग लागते. आई म्हणाली, डॉक्टरला दाखवा. काकी म्हणाली, कूप संपू दे म्हणतात.

त्याच सुमाराला त्यांच्या लॉरीतली रबराची चटई फाटली. गाडी जुनी, इंजिन केबिनच्या पोटातच, ड्रायव्हरच्या पायाशी. चटई फाटली ती नेमकी उजवी टाच टेकते तिथे. पेडलवर पायाचा पंजा आणि खाली उघड्या तापलेल्या पत्र्यावर टाच, असे काका किती दिवस बसले कुणास ठाऊक. त्यांना स्वतःलाही सांगता आलं नाही.

गणेशचतुर्थीला आठवडा राहिला होता. काकीने सणासाठी ओटा घासून धुतला होता. संध्याकाळी काका आले, चपला पायरीशी ठेवल्या, ओट्यावरून आत गेले आणि चहा मागितला. काकी चहा घेऊन बाहेर आली, तर धुतलेल्या सिमेंटवर तांबडे ठिपके. दर दुसऱ्या पावलाला. फक्त उजव्या पायाचे.

"अवो, कशात पाय घातलात?"

"कशात?"

"हे बघा की! कुंकू सांडलं का काय?"

काकांनी पाय उलटा करून पाहिला. टाचेवर पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठा फोड फुटून कातडी लोंबत होती. आतलं मांस ओलं दिसत होतं. काका पाहत राहिले, जणू दुसऱ्या कुणाचा पाय मांडीवर घेतलाय.

"दुखत नाय का?" काकीने विचारलं.

"नाय."

"जरा पन?"

"नाय गो."

काकी पुढे अनेकदा सांगे, "रक्ताला नाय भ्याले मी. त्या 'नाय'ला भ्याले." ती ओरडली ते ऐकून माझे बाबा कुंपण ओलांडून आले. काका म्हणत होते, हळद भरू, सकाळपर्यंत सुकेल. बाबांनी त्यांना एक शब्द बोलू दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली फेरी सोडली आणि काकांना सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे इंद्राणी नर्स होत्या. त्या पोर्ट लुईच्या, शिकलेल्या मराठी घरातल्या. रोग्यांशी त्या क्रेओल या बेटावरच्या बोलीत बोलत आणि रागावल्या की मराठीत. जखम धुताना त्यांनी विचारलं, "फेर माल?" दुखतं का?

"नाही, मिस," काका अभिमानाने म्हणाले.

नर्सबाईंचा हात थांबला. त्यांनी काकांना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा पायाला लावत गेल्या. लावला की "हो" म्हणायचं. डाव्या पायाला काका कधी हो म्हणाले, कधी उशिरा म्हणाले. उजव्या पायाला बोळा टाचेवर आला, तळव्यावर आला, अंगठ्यावर आला, आणि काका डोळे मिटून शांत बसून राहिले, नर्सबाई कधी सुरू करतायत याची वाट पाहत.



साखर तपासली. ती इतकी होती, की डॉक्टरांनी आकडा दोनदा वाचला. बाबांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, "दादा, चौदा वर्षं साखर वाहिलीस. त्यातली थोडी ठेवून घेतलीस वाटतं." नर्सबाई हसल्या नाहीत. त्या मराठीत बोलल्या, म्हणजे रागावल्या होत्या.

"दुखत नाही म्हणून खूश होताय तुम्ही? दुखणं हा पायाचा पहारेकरी असतो. तुमचा पहारेकरी झोपलाय. जखम चिघळली तर आधी बोटं जातील, मग पाय जाईल, आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही. आजपासून अनवाणी एक पाऊल नाही. अंगणात नाही, घरात नाही."

"आणि लॉरीत?"

"लॉरीचं नाव महिनाभर काढायचं नाही. नंतर चढलात तरी जोडा घालून."

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले होते. तेर रूजच्या थांब्यावर बस उभी राहिली तेव्हा ते बाबांकडे न बघता म्हणाले, "बलराम, परवा हितंच एक बाई भाजीची टोपली घेऊन आडवी आली. मी ब्रेक दाबला. दाबला असं मला वाटलं. पाय दुसरीकडंच होता."

"मग?"

"मग बघितलं, नि दाबला. बाईच्या टोपलीतला कोबी बंपरला लागून खाली पडला. तिनं तो उचलला, मला शिव्या दिल्या, गेली." पुढे म्हणाले, "तिच्या शिव्या ऐकून इतकं बरं वाटलं, काय सांगू तुला."

हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. जखमेपेक्षा त्यांना हे जास्त सलत होतं.

महिना म्हटलं होतं, पाय भरून यायला चार महिने लागले. एक दिवसाआड काका दवाखान्यात जात, नर्सबाई पट्टी बदलत. बाबा आणि इतर ड्रायव्हर पाळीपाळीने त्यांना सोडत. अलूदा बंद झाला. पहिला महिना काका दूध तोडलेल्या वासरासारखे चिडचिडे होते.

जोडा मात्र काकीने पहिल्याच आठवड्यात शिवला. काका अडून बसले होते, की रस्त्यावर घालीन, घरात घालीन, पण गाडीत जोडा घालून चढणार नाही. गाडीत गणपती आहे. काकी वाद घालत बसली नाही. तिने साखरेची एक कोरी गोणी घेतली, आत मऊ सुती कापड लावलं, तळाला लॉरीच्या जुन्या ट्यूबचं रबर दुहेरी घेतलं. नर्सबाईंनी बजावलं होतं, की आत शिवण नको, शिवण घासली तरी या पायाला कळणार नाही. म्हणून काकीने सगळ्या शिवणी बाहेर काढल्या. जोडा तयार झाला तो उलटा काढल्यासारखा दिसत होता. दोरे बाहेर, कडा बाहेर.

चतुर्थीला तिने तो गणपतीसमोर पाटावर ठेवला. दुर्वांच्या शेजारी.

काकांची म्हातारी आत्या म्हणाली, "अयो, चंद्रा! देवापुढं जोडा?"

"चामडं नाय, आत्या. गोणी हाय. आजून जमिनीला लागलेला नाय," काकी म्हणाली. "पाय त्यानंच दिला नं? मग पायाचं झाकण त्याच्यापुढं ठेवलं तर त्याला राग का यावा? हा जोडा गाडीतच राहील. गाडीतच घालायचा, गाडीतच काढायचा. रस्त्याची धूळ त्याला लागायची नाय. आता बोला."

बाबा मागून म्हणाले, "वहिनी, बाकी ठीक, पन उलटा शिवलास."

"तुझी अक्कल शिवली असती तर तीबी अशीच शिवली असती. टोचायची सवय हाय तिला."

सगळे हसले, आत्याही. काकांनी हसता हसता पाटाकडे पाहिलं आणि जोड्याला हात लावून तो कपाळाला नेला, जसा रोज लॉरीच्या पायरीला लावत.

जानेवारीपर्यंत टाच कोरडी झाली. गुलाबी, पातळ कातडी आली. एक बोटही गेलं नाही. नर्सबाईंनी त्या दिवशी स्वतःहून चहा मागवला, आणि बिनसाखरेचा कप काकांच्या हातात देऊन म्हणाल्या, "पाय राहिला. आता त्याला सांभाळा." मालकाचा निरोप आला होता: जूनमध्ये कूप सुरू होईल, गाडी देवराजचीच आहे.

काकांना गाडी हवी होती. हे मला लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटेल, की त्यांना ते सोपं गेलं. चौदा वर्षं ते त्या काचेतून जग पाहत आले होते. रिव्हिएर दू रांपारकडून सकाळचा वारा येतो तेव्हा उसाचं पान कसं वळतं, हे ते आवाजावरून सांगत. त्या चार महिन्यांत रोज पहाटे चारला ते उठून ओट्यावर बसत आणि बाबांची लॉरी सुरू होताना ऐकत.

मे महिन्याच्या एका रविवारी ते बाबांना म्हणाले, "चल, गाडीत बसू."

मालकाचं आवार रिकामं होतं. चाकांना दगड लावलेले, इंजिन बंद. काकांनी पायरीला हात लावला, चपला काढल्या, सीटवर बसून उलटा जोडा पायांत घातला. बाबा शेजारी बसले.

"आता मी डोळे मिटतो," काका म्हणाले. "तू नाव घे, मी पाय ठेवतो. मग तू खाली वाकून बघ."

"कशाला ही थेरं?"

"बघ म्हणतो ना."

बाबा म्हणाले, "ब्रेक." काकांनी पाय ठेवला. बरोबर होता. "अॅक्सिलरेटर." बरोबर. "ब्रेक," बाबा पुन्हा म्हणाले. काकांनी पाय उचलून ठेवला आणि विचारलं, "हाय?"

बाबा खाली वाकलेले होते. जोड्याचा पुढचा भाग ब्रेकच्या कडेवरून घसरून अॅक्सिलरेटरवर गेला होता. काका डोळे मिटून, आपण ब्रेक दाबलाय या समाधानात बसले होते. बाबा मला सांगत, "मनात आलं, हो म्हणावं. कुणाला कळणार होतं? गाडी तर बंद होती."

त्यांनी हो म्हटलं नाही. ते म्हणाले, "तीनातले दोन बरोबर, दादा."

काकांनी डोळे उघडून खाली पाहिलं. मग म्हणाले, "आनि तिसऱ्या वेळेला ती टोपलीवाली असली तर?"

त्यांनी जोडा काढला, चपला घातल्या, उतरले. पायरीला हात लावला. किल्ली त्यांनी सोमवारी स्वतः जाऊन मालकाला दिली आणि ड्रायव्हरऐवजी काय काम देता ते विचारलं. मालक वाईट माणूस नव्हता. पण त्याला काही सुचेना. काकांनीच सुचवलं. "गाड्या बाहेर पडायच्या आधी मी बघीन. टायर, ब्रेक, दिवे, चटई. मी फाटक उघडीन तेव्हाच गाडी जाईल."

अशा रीतीने देवराजकाका फाटकावर बसले, आणि तिथे सात वर्षं बसले. लाकडी दांड्याने टायर ठोकून आवाज ऐकत. वाकून चटई उचलत आणि पत्र्याला हात लावून पाहत, कारण हातांना अजून कळत होतं. त्यांच्यापाशी पाण्याचा माठ असे. ग्लासभर पाणी प्यायल्याशिवाय ते फाटक उघडत नसत. रांगेतला नंबर गेला तरी चालेल, पण थांबायचं आणि मोकळं व्हायचं, असं ते बजावत. आणि दर सोमवारी प्रत्येकाला म्हणत, "पाय दाखव."

"दादा, लग्नाला मुलगी बघताय का?" ड्रायव्हर ओरडत.

"मुलीनं तुझा पाय बघितला तर पळून जाईल. नखं काप. दाखव दुसरा."

ते कापसाचा बोळा घेऊन बसत, नर्सबाईंनी शिकवला तसा. डोळे मिटायला लावत. सुरुवातीला लोक हसत. मग एका सोमवारी, १९८२च्या कूपमध्ये, माझे बाबा डोळे मिटून बसले आणि डाव्या अंगठ्याला बोळा लागला तेव्हा "हो" म्हणाले नाहीत. काकांनी पुन्हा लावला. मग फाटकाला कुलूप घातलं आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. या वेळी बसच्या खिडकीशी बाबा होते.

बाबांची साखर लवकर सापडली. गोळ्या सुरू झाल्या, अलूदा बंद झाला, दर तीन महिन्यांनी नर्सबाई पाय तपासत. उजव्या पायाला सगळं कळत होतं आणि पुढेही कळत राहिलं. बाबा लॉरी चालवत राहिले. त्या लॉरीवर माझी शाळा झाली, कॉलेज झालं, आणि आज मी हे लिहिते आहे तेही त्याच लॉरीच्या जोरावर. कृतज्ञता हा मोठा शब्द आहे, काकांसमोर उच्चारला असता तर त्यांनी मला नखं कापायला सांगितलं असतं. पण दुसरा शब्द मला मिळत नाही.

काकीने शेवटपर्यंत जोडे शिवले. पुढे बंदरावर साखर मोकळीच उतरवायला लागले, गोण्या मिळेनाशा झाल्या. तिने त्याआधीच साठवून ठेवल्या होत्या. अनवाणी चढणाऱ्या प्रत्येकाला एक जोडा. शिवण बाहेर. चतुर्थीला आता तिच्या पाटावर पाच-सहा जोड असत, आणि आत्या त्यांच्यावर स्वतः फूल वाहत असे. बाबांनी जन्मात नेम पाळला नव्हता, तेही पायरीशी चपला काढून उलटा जोडा घालू लागले. आरती कितीला आहे, हे आता काका त्यांना विचारत.

१९८६च्या जुलैमध्ये, कूप सुरू होऊन दोन आठवडे झाले असताना, काका दुपारी फाटकाजवळच्या लीचीच्या सावलीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. हृदय थांबलं. चेहऱ्यावर काही त्रास दिसत नव्हता. त्यांना घरी आणलं, तेव्हा काकीने आधी त्यांचे पाय मांडीवर घेतले, वळवून तळवे पाहिले, टाच पाहिली, बोटं मोजली. दहा. मग तिने पाय खाली ठेवले आणि मगच ती रडली.

त्याच दिवशी सकाळी बाबांची लॉरी फाटकाशी पहिली होती. मला पोर्ट लुईला जायचं होतं, म्हणून मी बाबांच्या शेजारी बसले होते. काकांनी टायर ठोकले, बाबांना पाणी पाजलं आणि खिडकीशी आले.

"बलराम, चटई उचलून बघितलीस?"

"बघितली, दादा. कालच बघितली."

"काल बघितलीस. आज बघ."